पाच लिटरचा कॅन आणि पावणेसहा लिटर ऑइलचं इंजिन

गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, 2017 ची. 2.0 टीएसआय टर्बो पेट्रोल, 230 पीएस, 350 एनएम, सहा गिअरचा डीएसजी म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, आणि ही सगळी ताकद फक्त पुढच्या दोन चाकांवर. मालक माझा मामेभाऊ, घर बेळगावात अनगोळला, मामांचं उद्यमबागेत सीएनसी जॉबवर्कचं युनिट आहे तिथं तोच बसतो. गाडी सेकंडहँड घेतलेली, वॉरंटी कधीच संपलेली, त्यामुळं बाहेर कुठंही काम करून घ्यायला किंवा घरी करायला कुणाची आडकाठी नाही. घरी ऑइल बदललं आणि त्यानंतर दोन तक्रारी आल्या. एक, सकाळी पोर्चच्या फरशीवर रुपयाएवढा तेलाचा डाग. दोन, चोर्ला घाटात पिवळा ऑइलचा दिवा. फोन आला तो दुसऱ्या तक्रारीवरनं, डागाचं त्यानं मला सांगितलंच नव्हतं, ते मामीनं सांगितलं.

आधी हे सांगतो की घरी करायचा निर्णय चुकीचा नव्हता, कारण मागच्या मालकानं दिलेल्या बिलांत नुसतं "इंजिन ऑइल" एवढंच लिहिलेलं, ग्रेड नाही, किती लिटर घातलं ते नाही, कुठलं स्पेसिफिकेशन ते तर नाहीच. अशा गाडीत नेमकं काय घातलंय हे आपल्याला ठाऊक असावं असं वाटणं साहजिक आहे, आणि पोरगं दिवसभर मायक्रोमीटर आणि व्हर्नियर घेऊन काम करणारं, त्याला पाना धरायला शिकवायची गरज नाही. लोकांना वाटतं घरी ऑइल बदलणं म्हणजे लेबर वाचवायचा उद्योग. या गाडीत लेबर वाचून किती वाचणार, ऑइल आणि फिल्टरच हजारात जातंय.

तर त्यानं काय काय केलं ते त्याच्याच तोंडून ऐकलेलं. रविवारी सकाळी गाडी थोडी फिरवून आणली म्हणजे ऑइल पातळ होऊन नीट उतरतं, हे बरोबर. पुढनं गाडी उचलली, खालचं प्लास्टिकचं कव्हर स्टार बिटनं खोललं, चेंबरचा, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइल साठायच्या भांड्याचा, नट काढून ऑइल टबात सोडलं. वरनं फिल्टर बदलला, या इंजिनात फिल्टर वरच्या बाजूला असतो, 32 चा सॉकेट लागतो, टोपण काढायचं, आतला कागदी एलिमेंट बदलायचा, बॉक्समध्ये आलेली नवी ओ रिंग (तेल अडवणारं रबरी कडं) टोपणावर चढवायची, आणि टोपण 25 एनएमला आवळायचं. हे त्यानं टॉर्क पान्यानं, म्हणजे किती जोर लागतोय ते मोजणाऱ्या पान्यानं, केलं, युनिटमधनं आणलेला होता. मग चेंबर बंद, कॅन ओतला, पट्टी (तेलाची लेव्हल बघायची, किमान-कमाल रेघांची सळई) बघितली, फुल दाखवली, कव्हर लावलं, हात धुतले आणि जेवला. पुढच्या शनिवारी मित्र घेऊन जांबोटी, कणकुंबी करत गोव्याला निघाला आणि चोर्ल्याच्या वळणांत दिवा लागला.

"दादा, पिवळा दिवा लावलाय बघ गाडीनं. ऑइल तर परवाच घातलंय की नवं, आता काय करू?"

मी पहिला प्रश्न विचारला तो रंगाचा, पिवळाच ना, लाल नाही ना. हा प्रश्न आधी विचारायलाच पाहिजे. लाल ऑइलचा दिवा म्हणजे प्रेशर गेलं, तिथल्या तिथं गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करायचं, पुढं पंप आहे तिथवर नेतो वगैरे काही नाही, कारण प्रेशर नसताना टर्बोची शाफ्ट आणि क्रँकचे बेअरिंग किती टिकतील याचा हिशोब मिनिटात करावा लागतो. पिवळा म्हणजे लेव्हल कमी किंवा सेन्सरला काहीतरी खटकलंय. तेव्हा गाडी सपाट जागी थांबवून बघायला वेळ असतो. त्याला म्हटलं, थांब, इंजिन बंद कर, पाचएक मिनिटं जाऊंदे, मग पट्टी पुसून परत घालून बघ. तो म्हणाला रस्ता कुठं सपाट आहे इथं, सगळा घाटच. खरं होतं ते. शेवटी कणकुंबीपर्यंत हळूहळू मागं आला, तिथं बघितली तर तेल मिनिममच्या रेघेच्याही खाली, पट्टीच्या टोकाला तेवढं लागलेलं. गोवा राहिला बाजूला. तिथं त्या स्पेसिफिकेशनचं ऑइल मिळायचा प्रश्नच नव्हता, म्हणून बेळगावातनं मित्राच्या मोटरसायकलवर एक लिटरचा डबा मागवला आणि त्यातलं थोडं थोडं घालत लेव्हल रेघांच्या आत आणून गाडी घरी आली.

घरी येईपर्यंत गल्लीत निदान तयार होतं. कोपऱ्यावरच्या मिस्त्रींनी वाकून बघितलं, डाग बघितला आणि सांगितलं की चेंबरचे आटे गेलेत, ऑइल तिथनं उतरून गेलं म्हणून दिवा लागला, चेंबर बदला नाहीतर तोपर्यंत सिलिकॉन भरतो. दोन तक्रारी एका धाग्यात ओवल्या की ऐकायला लई बरं वाटतं, आणि त्यात मिस्त्रींची चूकही नाही, दहातल्या आठ गाड्यांत तसंच असतं. पण रुपयाएवढ्या डागातनं आठवड्यात पाऊण लिटर ऑइल जात नाही. पाऊण लिटर जायचं तर पोर्च काळा झाला असता, मामीनं घरात घेतलं नसतं त्याला. आणि सिलिकॉनचं तर अजिबात नको, ते आतल्या बाजूला पिळून निघतं, त्याचा तुकडा सुटला की थेट ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो. मग खऱ्या अर्थानं लाल दिवा.

म्हणून मी गाडीखाली जायच्या आधी जिन्याखाली गेलो. तिथं जळकं ऑइल ठेवलेलं होतं. नव्या ऑइलचा रिकामा झालेला पाच लिटरचा कॅन, त्यातच जुनं भरलेलं, तोंडापर्यंत काठोकाठ, बूच लावताना बाहेर आलेलं ओघळ वाळून चिकट झालेलं, आणि त्याच्या शेजारी एक लिटरची पाण्याची बाटली, तीही अर्ध्याच्या वर भरलेली. मामेभावाला म्हटलं हे बघ, तुझं निदान इथं आहे. बाहेर काढलंस साडेपाचच्या वर, आत घातलंस पाच. तो बघतच राहिला. मग म्हणाला, "कॅनच पाच लिटरचा येतोय की रे दादा, मला वाटलं एका गाडीला एक कॅन."

या इंजिनात फिल्टर धरून ऑइल बसतं 5.7 लिटर. कॅन येतो पाचचा, म्हणजे एक कॅन आणि वरनं एक लिटरचा डबा घ्यावा लागतो आणि त्यातलं तीनशे मिली उरतं. दुकानात तसं कुणी सांगत नाही. त्यानं विचारलं तेव्हा काउंटरवरच्या माणसानं "साकु बिड्री" (कन्नडात, पुरे, सोडा हो) म्हणून एकच कॅन पुढं सरकवला, आणि दुकानदाराचा तरी काय दोष, त्याच्याकडं येणाऱ्या बहुतेक गाड्यांना साडेतीन-चार लिटरच लागतं, पाचात उरतंच. मोठं इंजिन आणि टर्बो असलेली गाडी घेतली की मॅन्युअलमधला आकडा आपणच बघायचा असतो, आणि त्याहून सोपं म्हणजे काढलेलं ऑइल मोजायचं. हे पोरगं युनिटमध्ये प्रत्येक जॉब मोजून घेतं आणि मोजून देतं, पण टबातलं काळं तेल मोजायचं त्याला सुचलं नाही, कारण ते टाकायचं म्हणून डोक्यात बसलेलं. एक मात्र लक्षात ठेवा, आधीच गाडीत कमी ऑइल असेल तर काढलेलंही कमीच येणार, तेव्हा काढलेल्या मापावरच नवं घालत बसू नका. काढलेलं माप, मॅन्युअलचा आकडा आणि पट्टी, तिन्ही जुळले पाहिजेत.

आता पट्टीनं फुल का दाखवलं हा प्रश्न उरतो, कारण पाच लिटरला ती फुल दाखवायलाच नको. त्याचं उत्तर पोर्चमध्ये आहे. आमच्याकडं पाऊस म्हणजे काय असतो ते सांगायला नको, प्रत्येक घराच्या पोर्चला गेटकडं चांगला उतार काढलेला असतो. गाडी नाक गेटकडं करून उभी, तेल सगळं पुढं आलेलं, आणि पट्टीही इंजिनच्या पुढच्याच अंगाला. वर त्यानं पट्टी बघितली ती ऑइल ओतल्याबरोबर, इंजिन चालू करायच्या आधीच. नवा फिल्टर तेव्हा कोरडा असतो, वरच्या गॅलऱ्या, म्हणजे तेल फिरायच्या वाटा, रिकाम्या असतात, इंजिन एकदा फिरलं की ते सगळं भरायला चेंबरमधलंच तेल वर जातं आणि लेव्हल खाली येते. म्हणजे पट्टी बघायची वेळही चुकीची आणि जागाही चुकीची. दुसऱ्या दिवशी गाडी युनिटच्या शेडमध्ये नेली, तिथली फरशी मशीन बसवायच्या वेळी केलेली, तरी पाणसळ ठेवून खात्री केली, इंजिन गरम करून बंद केलं, थांबलो, आणि मग पट्टी बघितली. काय दाखवायचं ते नीट दाखवलं तिनं. घाटात दिवा लागायचं कारणही तेच, सेन्सर चेंबरच्या तळाला असतो, आधीच तेल कमी आणि वळणावळणाला ते एका बाजूला जाणार, सेन्सर उघडा पडला की बोंब मारतो.

आता डाग.

डाग हा वेगळा आजार होता आणि त्याचा दिव्याशी संबंध नव्हता. गाडी शेडमध्येच पुढनं उचलली, घोड्या, म्हणजे उचललेली गाडी धरून ठेवणारे लोखंडी स्टँड, लावल्या. इथं थोडं थांबतो, कारण घरी त्यानं गाडी कशी उचलली होती ते ऐकून माझं डोकं फिरलं. जॅकनं उचलून चाकाच्या मागं दोन्हीकडं चिरे रचलेले, घराच्या कंपाउंडचे उरलेले खानापूरकडचे लाल चिरे. अहो, चिरा भिंतीत दाबून बसतो तेव्हा शंभर वर्षं टिकतो, पण टनाची गाडी एका कोपऱ्यावर आली तर तो भरभरून सुटतो, आणि पावसात भिजलेला असेल तर विचारूच नका. त्यावर गाडी आणि खाली तू. विटा, चिरे, सिमेंटचे पोकळ ब्लॉक, यातलं काहीही चालत नाही. घोड्या घ्या जोडी, नसतील तर कुणाच्या तरी आणा, तेही जमत नसेल तर सर्व्हिस स्टेशनवर जाऊन रॅम्पवर काम करून घ्या. जॅक फक्त उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. यावर मी त्याला जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

खालचं कव्हर काढलं तर त्याच्या आतल्या बाजूला तेलाचं थारोळं. घरी ऑइल बदलल्यावर दोन-चार दिवस थेंब पडत असेल तर पहिला संशय इथंच घ्यायचा, कारण फिल्टर काढताना आणि नट सोडताना सांडलेलं ऑइल या कव्हरमध्ये साठतं आणि गाडी उतारावर उभी केली की सावकाश गळत राहतं, लोक उगाच चेंबर बदलतात. तेव्हा सगळं फडक्यानं कोरडं पुसलं, चेंबर, नटाच्या आजूबाजूचा भाग, फिल्टर हाउसिंगच्या खालची बाजू, सगळं. मग मामीकडनं आणलेली टाल्कम पावडर नटाभोवती आणि जोडावर भुरभुरली, इंजिन चालू करून गरम होऊ दिलं, बंद केलं, आणि वाट बघितली. वरनं फिल्टरचं टोपण कोरडं ठाक. खाली नटाच्या एका बाजूला पांढऱ्या पावडरीत बारीक तपकिरी चंद्रकोर उमटली, बघता बघता खालच्या कडेला टेकली. गळती तिथंच, आणि फक्त तिथंच.

या इंजिनावर चेंबर दोन तऱ्हेचे येतात, एक पत्र्याचा, ज्याला नेहमीसारखा आट्यांचा स्टीलचा नट असतो, वायसरसकट नवा घालायचा आणि 30 एनएमला आवळायचा, आणि दुसरा प्लास्टिकचा, ज्याला प्लास्टिकचाच नट असतो. या गाडीला प्लास्टिकचा. म्हणजे मिस्त्रींचे ते गेलेले आटे मुळात अस्तित्वातच नाहीत. हा नट फिरवून आवळायचा नसतो, रुंद चपट्या बिटनं दाबून पाव फेरा दिला की खाच्यात बसतो, आणि तेल थांबवायचं सगळं काम त्याच्यावरच्या ओ रिंगनं करायचं. जोर लावून उपयोग काहीच नाही. नट एकदा काढला की नवा घालायचा, ओ रिंग त्याच्यावरच येते. आपल्या गड्यानं जुनाच परत बसवलेला, कारण फिल्टरच्या बॉक्समध्ये नट येत नाही, वेगळा मागवावा लागतो, आणि रविवारी कुठनं आणायचा.

काढून हातात घेतला. ओ रिंग गोल राहिलीच नव्हती, बाहेरच्या अंगानं दाबून चपटी झालेली, नखानं वाकवली तर एका ठिकाणी केसाएवढी चीर उघडली. नटाच्या खाचेच्या कडाही खाल्लेल्या, कारण रुंद बिट नव्हती म्हणून साध्या स्क्रू ड्रायव्हरनं फिरवलेला. नवा नट कोल्हापूरहून मागवला, तिथला ओळखीचा पार्ट्सवाला संध्याकाळच्या बसनं पाठवून देतो, एकदम दोन मागवले, एक पुढच्या वेळेला डिकीत. आठवडाभर वापरलेलं ऑइल टाकायची गरज नव्हती, स्वच्छ धुतलेल्या टबात काढलं, झाकून ठेवलं, नवा नट बसवून बारीक जाळीतनं गाळून परत घातलं. यावर कुणी नाक मुरडेल, पण चांगलं ऑइल होतं, आणि टब मी स्वतः धुतलेला.

ऑइल कुठलं घातलं हेही सांगतो, कारण त्यावरच सगळ्यात जास्त वाद होतात. स्कोडा फोक्सवॅगनच्याच घराण्यातली, म्हणून मॅन्युअल फोक्सवॅगनचं 502 00 किंवा 504 00 हे ऑइलचं स्पेसिफिकेशन मागतं, त्यानं 502 00 चं 5डब्ल्यू-40 (हा जाडीचा ग्रेड) फुल सिंथेटिक घेतलेलं, उत्तम. पण दुकानात त्याला एकानं सांगितलं होतं की आपल्याकडं उन्हाळा कडक, परफॉर्मन्स गाडी, जाड घाल, 20डब्ल्यू-50. हे जुन्या इंजिनांच्या काळचं ज्ञान आहे. या इंजिनात कॅमची वेळ बदलणारे अॅडजस्टर ऑइलच्या प्रेशरवर चालतात, टायमिंग चेनचा टेन्शनर ऑइलवर, टर्बोची शाफ्ट लाख-दीड लाख आरपीएमला ऑइलच्याच पापुद्र्यावर तरंगते, आणि सकाळी थंड इंजिनला सेल मारला की ऑइल तिथवर पहिल्या काही सेकंदात पोचलं पाहिजे. बेळगावची डिसेंबरमधली सकाळ काश्मीरसारखी नसते पण जाड ऑइल तेव्हाही सुस्तच. डब्यावरचा 5डब्ल्यू-40 हा आकडा बघून भागत नाही, मागच्या बाजूला बारीक अक्षरात 502 00 अप्रूव्हल लिहिलंय का ते बघायचं. "मीट्स" लिहिलेलं आणि "अप्रूव्ड" लिहिलेलं यात फरक असतो, पहिलं ऑइल बनवणाऱ्याचं म्हणणं, दुसरं गाडीच्या कंपनीनं तपासून दिलेलं.

आणि जास्त घालणं हेही तेवढंच वाईट. लेव्हल वर गेली की क्रँक तेलात आपटून फेस करतो, फेसाला प्रेशर धरत नाही, वरनं ऑइलची वाफ ब्रीदरमधनं (इंजिनातली वाफ काढणारी नळी) इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घ्यायच्या वाटेत, जाते आणि डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात आधीच व्हॉल्व्हवर कार्बन बसायची खोड, तिला खतपाणी. म्हणून शेवटचं अर्धा लिटर थोडं थोडं घालत, थांबत, पट्टी बघत घातलं. कमाल रेघेच्या किंचित खाली थांबलो. दोन दिवस गाडी शेडमध्येच, खाली पुठ्ठा अंथरून ठेवला, पुठ्ठा कोरडा. मग तो परत चोर्ल्यानं गोव्याला जाऊन आला, दिवा नाही, ऑइलचं टेंपरेचर चढावर शंभरच्या थोडं वर जाऊन सपाटीला परत नव्वदीत. डॅशबोर्डवरचा सर्व्हिसचा काउंटर कारच्या मेनूतनं रीसेट करायचा राहिलेला, तोही केला, आणि डायरीत तारीख, किलोमीटर, ऑइलचं नाव, किती घातलं, सगळं लिहायला लावलं. उद्या गाडी विकायची झाली तर त्या अर्धवट बिलांपेक्षा हे पान जास्त कामाचं.

जिन्याखालच्या जळक्या ऑइलला दोन गिऱ्हाईकं लगेच तयार झाली. एक शेजारचे काका, त्यांना लाकडाला वाळवी लागलीय तिथं लावायचं होतं, दुसरा सेंट्रिंगवाला, प्लेटांना चोळायला. दोघांनाही नाही म्हटलं, लोक नाराज झाले. इंजिनातनं निघालेलं ऑइल कायद्यानं घातक कचऱ्यात येतं, आणि कायदा जाऊंदे, आमच्याकडं घरोघरी विहिरी आहेत, जमिनीत मुरलेलं तेल पुढं कुणाच्या घागरीत येणार ते सांगता येत नाही. युनिटमध्ये कटिंग ऑइल आणि हायड्रॉलिक ऑइलचा बॅरल असतोच, तो अधिकृत रिसायकलरवाला पावती देऊन घेऊन जातो, त्याला विचारून त्याच्याच हवाली केलं.

आता मामेभावाला जोर चढलाय, डीएसजीचं ऑइलही घरीच बदलू म्हणतोय. त्याला साफ नाही म्हटलं. हा सहा गिअरचा ओल्या क्लचचा बॉक्स आहे, त्याचं ऑइल आणि फिल्टर साठ हजार किलोमीटरला बदलायचं असतं, आणि त्याची लेव्हल पट्टीवर बघत नाहीत, इंजिन चालू ठेवून, ऑइलचं टेंपरेचर स्कॅनरवर ठराविक अंशांत आल्यावर खालच्या भोकातनं किती ओघळतं त्यावर ठरते. पाणसळ, स्कॅनर आणि लिफ्ट तिन्ही एका जागी पाहिजेत. कोल्हापुरात एकाकडं तिन्ही आहेत, पुढच्या महिन्यातली वेळ घेतलीय, काढलेलं ऑइल मापात धरायचं एवढं त्याला आधीच सांगून ठेवलंय.